क्रांतीचा भविष्यकाळ आणि क्रांतीनंतरचा हिशेब

१

क्रांती येणार आहे काय, आणि ती आली तर समाज पूर्वीपेक्षा चांगला होतो काय, हे दोन प्रश्न बहुधा एका दमात विचारले जातात. श्रीलंकेत २०२२ च्या जुलैमध्ये आणि बांगलादेशात २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकांच्या उठावापुढे सत्ताधाऱ्यांना देश सोडून जावे लागले, तेव्हाही ते असेच जोडीने पुढे आले. परंतु हे प्रश्न एकाच जातीचे नाहीत. पहिला भविष्याविषयी आहे. त्याचे उत्तर भाकिताच्या किंवा श्रद्धेच्या रूपातच देता येते. दुसरा घडून गेलेल्या गोष्टीविषयी आहे; त्याचे उत्तर हिशेबाच्या रूपात द्यावे लागते. पहिल्यासाठी उद्गार पुरतो, दुसऱ्यासाठी कथन लागते. राज्यशास्त्राचे म्हणून आपण बाजूला ठेवलेले हे प्रश्न अशा रीतीने साहित्यप्रकारांचेही प्रश्न ठरतात.

मराठी समीक्षेने क्रांतीचा विचार प्रामुख्याने पहिल्या प्रश्नाच्या अंगाने केला. लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) या ग्रंथापासून पुढे मार्क्सवादी समीक्षेत साहित्यकृती परिवर्तनाला पोषक की मारक, लेखकाची बांधिलकी कितपत खरी, असे प्रश्न महत्त्वाचे मानले गेले. सौंदर्यवादी प्रतिपक्षाने हे प्रश्नच साहित्यबाह्य ठरवले. पण ‘क्रांतीनंतर काय?’ हे त्यानेही विचारले नाही. परिणामी, हा दुसरा प्रश्न मराठी साहित्याने हाताळलेलाच नाही, असा एक समज रूढ झाला. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. तो प्रश्न मराठीत विचारला गेला आहे आणि त्याचे तपशीलवार उत्तरही दिले गेले आहे. मात्र ते राजकीय कादंबरीत नसून दलित आत्मकथनांत आहे. आणि ही आत्मकथने आपण ज्या सूत्रांनी वाचत आलो, त्या सूत्रांमुळेच ते नजरेआड राहिले आहे.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘क्रांती’ हा शब्द ‘क्रम्’ या धातूपासून आला आहे. पाऊल टाकणे, ओलांडून जाणे हा त्याचा मूळ अर्थ. राजकीय अर्थ लाभण्यापूर्वी तो ज्योतिषाच्या परिभाषेत नांदत होता. ‘क्रांतिवृत्त’, ‘संक्रांत’ हे त्याचेच सगोत्र. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे. कोपर्निकसच्या १५४३ मधील ग्रंथाच्या शीर्षकात तो खगोलांच्या भ्रमणासाठी येतो, आणि हाना आरेण्ट यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रांतिविषयक ग्रंथात या खगोलीय पूर्वेतिहासाचा मागोवा घेतला आहे. या उगमाची एक खूण मराठी वाक्प्रयोगात टिकून राहिली आहे. क्रांती आपण ‘करतो’ किंवा ‘घडवतो’, तशीच ती ‘येते’ही. संक्रांत येते, पावसाळा येतो, तशी. ‘येणे’ या क्रियापदात कर्ता माणूस उरत नाही. वाट पाहणे एवढीच त्याची भूमिका राहते.

आधुनिक मराठी कवितेने हा ‘येण्या’चा अर्थ फार समर्थपणे वापरला. केशवसुतांची ‘तुतारी’ (१८९३) ही सर्वार्थाने आवाहनाची कविता आहे. तिचे व्याकरणच आज्ञार्थाचे आहे. जुने जाळण्यापुरण्याचा पुकारा तीत आहे. पण जाळून झाल्यानंतरच्या सकाळी त्या भूमीवर कोण उभे असेल, हा तिचा विषय नाही आणि तो नसणे हा तिचा दोषही नाही. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) मध्ये हे अधिक स्पष्ट होते. ‘क्रांतीचा जयजयकार’ हा मरणाला सामोरे जाणाऱ्या बंदिवानांचा उद्गार आहे. जे जयजयकार करतात ते क्रांती पाहणार नाहीत, हेच त्या कवितेच्या भावबळाचे मूळ आहे. ‘आगगाडी आणि जमीन’ या रूपककवितेत तुडवली जाणारी जमीन अखेर प्रक्षुब्ध होते, मदांध आगगाडी कोसळते आणि कविता संपते. शोषकाच्या पतनाशी कवितेचा शेवट जुळून येणे ही रचनेची गरज होती. परंतु त्या गाडीत प्रवासीही होते की काय, आणि पुढे त्या जमिनीवर कोणते रूळ टाकले गेले, हे प्रश्न त्या रचनेत मावतच नाहीत.

नारायण सुर्वे यांच्या कवितेत एक महत्त्वाचा बदल होतो. त्यांच्या कवितेतील कामगाराला मार्क्स भेटतो तो क्रांतीच्या पहाटे नव्हे, तर पहिल्या संपात. क्रांती येथे क्षितिजावरून उतरून कारखान्याच्या दाराशी येते. तरीही काळ अजून भविष्याचाच आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मधील ‘माणसाने’ ही कविता या परंपरेत अपवादात्मक ठरते. तिचा बहुतांश भाग सर्वंकष विध्वंसाचा आहे. पण शेवटी ती विध्वंसानंतर उरलेल्यांकडे वळते आणि त्यांनी कसे वागावे हे सांगते. गुलामगिरी, लूट आणि भेद यांना त्या उर्वरित जगात जागा नाही. येथे मराठी कविता ‘नंतर’च्या उंबरठ्यावर पोचते. मात्र ती पोचते विध्यर्थातून. ‘असे झाले’ असे ती म्हणत नाही, ‘असे व्हावे’ म्हणते. आज्ञार्थापासून विध्यर्थापर्यंतचा हा प्रवास अर्थपूर्ण आहे. पण व्याकरण ज्याला स्वार्थ म्हणते, म्हणजे घडलेल्याचे सरळ विधान, ते येथून अजून दूरच राहते.

३

क्रांतीनंतरचे सरळ विधान करणारा साहित्यप्रकार म्हणून युरोप आणि लॅटिन अमेरिकेने कादंबरीचा उपयोग केला. आनातोल फ्रान्स यांच्या १९१२ मधील फ्रेंच राज्यक्रांतीवरील कादंबरीचा नायक गामलँ हा एक चित्रकार आहे. सद्गुणाच्या ध्यासाने तो क्रांतिन्यायालयाचा पंच होतो, माणसांना गिलोटिनकडे पाठवतो आणि अखेर स्वतः तेथेच जातो. त्याची प्रेयसी काही काळाने नव्या प्रियकराला निरोप देताना गामलँला पूर्वी सांगितलेलेच शब्द उच्चारते. एवढी उलथापालथ झाली, पण जिन्यावरचे वाक्य बदलले नाही. फ्रान्स यांचा संशयवाद या एका पुनरुक्तीत सामावला आहे. तोकव्हिल यांनी १८५६ मध्ये हीच गोष्ट इतिहासाच्या पातळीवर मांडली होती. क्रांतीने निर्माण केलेले मानले जाणारे केंद्रीकरण वस्तुतः जुन्या राजवटीचेच अपत्य होते, आणि क्रांतीने ते पुढे चालवले.

कार्लोस फुएन्तेस यांची आर्तेमियो क्रूस या पात्राच्या मृत्यूवरील कादंबरी (१९६२) आपल्या चर्चेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. मेक्सिकोच्या क्रांतीत लढलेला हा सैनिक पुढे जमीनदार, उद्योगपती आणि वृत्तपत्राचा मालक झाला. आता तो मृत्युशय्येवर आहे. त्याचे निवेदन तीन पुरुषांत आणि तीन काळांत विभागलेले आहे. ‘मी’ वर्तमानकाळात, ‘तू’ भविष्यकाळात आणि ‘तो’ भूतकाळात बोलतो. क्रांतीने जे वचन दिले, जे घडले आणि जे उरले ते एका माणसात एकत्र नांदू शकत नाही, म्हणून निवेदकाचे तुकडे पडतात. व्याकरणाचा हा भंग हीच त्या कादंबरीची क्रांतीविषयीची मीमांसा आहे.

मराठीत अशी कादंबरी का नाही? या प्रश्नाला एक सरळ उत्तर दिले जाते, की आपल्याकडे क्रांती झालीच नाही, तेव्हा तिच्या नंतरचे लिहायचे कोणी? गिरणी कामगारांच्या संदर्भात हे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे. ज्या वर्गाकडून मराठी मार्क्सवादाने क्रांतीची अपेक्षा केली, त्याचा जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप विजयाविना विरून गेला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील चाळीतले कुटुंब त्या संपाच्या सावलीत जगते. त्या घरात प्रत्येकाच्या जगण्याला ‘संप जिंकला असता तर’ या संकेतार्थाचे अस्तर आहे. न आलेल्या क्रांतीनंतरचे ते नाटक आहे. परंतु ‘क्रांती झालीच नाही’ हे उत्तर साऱ्या मराठी समाजाला लागू करता येईल काय, हे तपासले पाहिजे.

४

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला याकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. वरवर पाहता ही तुलना विषम वाटते. एकीकडे राजसत्ता होती, दुसरीकडे एका तळ्याचे पाणी. पण तुलनेचा रोख नेमका याच विषमतेवर आहे. जन्माने ठरलेली पायरी मोडणे हे दोन्हीकडचे कार्य एकच आहे, असे त्यांना सुचवायचे होते. चवदार तळ्याचा न्यायालयीन वाद पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला. क्रांतीच्या एका सभेला तिच्या कायदेशीर मान्यतेसाठी दहा वर्षे लागतात, हा तपशीलही नोंदण्याजोगा आहे.

लाहोरच्या परिषदेसाठी तयार केलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या १९३६ मधील भाषणात त्यांनी राजकीय क्रांतीपूर्वी सामाजिक व धार्मिक क्रांती घडावी लागते, असा सिद्धांत मांडला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ल्यूथरची धर्मसुधारणा व शिवाजीमहाराजांपूर्वीची महाराष्ट्रातील संतचळवळ यांचे दाखले दिले. प्राचीन भारतासंबंधीच्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपूर्ण लेखनात त्यांनी बौद्ध धम्माच्या उदयाला क्रांती आणि ब्राह्मणी पुनरुत्थानाला प्रतिक्रांती म्हटले. या जोडसंज्ञेचे महत्त्व मोठे आहे. क्रांती ही येऊन स्थिरावणारी घटना नसून ती उलटवता येते, हे त्यांनी इतिहासाच्या आधारे गृहीत धरले होते. २० नोव्हेंबर १९५६ च्या काठमांडू येथील भाषणातही ते मार्क्सशी वाद घालतात तो ध्येयाविषयी नव्हे, साधनांविषयी. बळाने आणलेली समता बळ काढून घेतल्यावर टिकेल काय, असा त्यांचा प्रश्न आहे. सोव्हिएत संघाच्या १९९१ मधील विसर्जनानंतर तो अधिकच टोकदार वाटतो. हा ‘येणार काय’ या जातीचा प्रश्न नाही, ‘नंतर’चा आहे.

या अर्थाने पाहिले तर महाडपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरापर्यंतचा कालखंड ही एका मोठ्या समूहाच्या अनुभवातील क्रांती होती. गावकीची कामे नाकारली गेली, मृत जनावरांचे मांस सोडले गेले, देव्हारे बदलले, मुले शाळेत गेली. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली. आता प्रश्न उरतो तो असा, की या क्रांतीनंतरचे लेखन कोठे आहे?

५

ते १९७८ नंतरच्या आत्मकथनांत आहे. ही आत्मकथने आपण ‘वेदना, विद्रोह, नकार’ या त्रिसूत्रीत बसवून वाचत आलो. त्रिसूत्री खोटी नाही. पण तिच्यामुळे या लेखनाचा काळच चुकीचा ठरवला गेला. विद्रोह म्हटला की नजर पुढे, येणाऱ्या स्फोटाकडे लागते. वस्तुतः ही आत्मकथने मागे वळून मांडलेली आहेत, आणि मांडणारा निवेदक एका पलीकडच्या काठावर उभा आहे. तो काठ नसता तर हे लेखनच शक्य झाले नसते.

दया पवार यांच्या ‘बलुतं’चे (१९७८) शीर्षकच पाहावे. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. हक्क आणि भीक यांच्या सीमेवरचा. शहरी नोकरदार लेखकाने आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाला हे नाव देणे म्हणजे जुन्या व्यवस्थेच्या हिशेबाच्या वहीत नवी नोंद करणे होय. कथनाची चौकट तर अधिकच बोलकी आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाची ही दोन नावे, दोन वर्ग, दोन भाषा. फुएन्तेस यांच्या ‘मी-तू-तो’ची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. अंतर मात्र मूलगामी आहे. क्रूसचे तुकडे पडतात ते त्याने क्रांती विकली म्हणून. दगडू आणि दया वेगळे होतात ते क्रांतीने दयाला घडवले पण दगडूला सोबत नेता आले नाही म्हणून. पहिले विघटन विश्वासघाताचे आहे, दुसरे अपूर्णतेचे. पत्नीवरील संशयाने मोडलेल्या संसाराची कबुलीही या आत्मकथनात आहे. जातीविरुद्ध लढणारी जाणीव घराच्या उंबऱ्यावर कशी थबकते, याची ती नोंद आहे.

ही नोंद बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) विस्तारते. तिचे सर्वनाम ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. आत्मचरित्राच्या रूढ व्याख्येला हे पुस्तक म्हणून अडचणीचे वाटले. पण सामूहिक बदलाचा हिशेब एकवचनात मांडता येत नाही, ही गोष्ट या निवेदनाने आपल्यापुरती सोडवली. महारवाड्यातील दैन्य आणि अंधश्रद्धा येथे निर्ममपणे येतात, तसा सासुरवाशिणींचा छळही येतो. आंबेडकरांच्या शब्दाने आयांनी मुलांना शाळेत घालण्याचा निश्चय कसा केला, हेही येते. आणि त्याच लेखणीने शिकून वर गेलेल्या, मागच्यांना विसरलेल्या पिढीवर कठोर टीका येते. क्रांतीचे श्रेय आणि तिच्या वारसांवरील आरोप एकाच पुस्तकात, एकाच आवाजात येतात. राजकीय कादंबरीकडून आपण ज्या समतोलाची अपेक्षा करतो, तो येथे समतोल म्हणून साधलेला नाही. पाहणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा तो परिणाम आहे.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हिशेब आणखी सूक्ष्म होतो. आई बांबूची आयदाने विणून संसार चालवते. मुलगी शिकते, मुंबईत नोकरी करते, लिहिते. आईच्या विणण्याचे आणि आपल्या लेखनाचे आंतरिक नाते लेखिका स्वतःच सांगते. दोन पिढ्यांमधील हे अंतर क्रांतीने काय दिले याचे माप आहे. पण शिकणारी, चळवळीत जाणारी स्त्री घरात तणावाचा विषय होते, तेव्हा काय द्यायचे राहिले याचेही माप तेथेच मिळते. मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेतला होता. ‘आयदान’ त्या शोधाचा आतला कप्पा आहे.

६

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सत्तेचे आणि उत्पादनसाधनांचे हस्तांतरण झाले नसता याला क्रांती म्हणणे हे संज्ञेचे सैलीकरण होय. हा आक्षेप वजनदार आहे. गावातील जमिनीची मालकी बव्हंशी जेथल्या तेथे राहिली. खुद्द आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता आणि समाजात व अर्थकारणात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात प्रवेश करू. तरीही माणसाने स्वतःला काय म्हणावे, कोणापुढे वाकावे, काय खावे, कशाला पूज्य मानावे, हे एका पिढीत बदलणे याला ‘सुधारणा’ हा शब्द अपुरा पडतो. राजसत्ता बदलूनही जिन्यावरचे वाक्य तसेच राहते, असे फ्रान्स यांची कादंबरी दाखवते. येथे सत्ता फारशी न बदलता वाक्य बदलले आहे.

दुसरा आक्षेप असा, की अत्याचार तर थांबलेले नाहीत. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजीत जे घडले, त्यानंतर बदलाची भाषा कोणत्या तोंडाने बोलायची? येथे ‘प्रतिक्रांती’ ही संज्ञा उपयोगी पडते. शिकणारे, स्वतःची शेती कसणारे, न वाकणारे कुटुंब तेथे लक्ष्य झाले. ताठ उभे राहणे हीच ज्याला आगळीक वाटते, त्याचा हल्ला परिवर्तनाच्या अभावाचा पुरावा नसतो. परिवर्तनाविरुद्धच्या सूडाचा असतो. अर्थात या विवेचनाने मेलेल्यांचे काहीच भरून येत नाही, याचे भान समीक्षेने सोडता कामा नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो. हिशेब मांडणारे सारे या बदलाचे लाभार्थीच आहेत. ज्यांच्यापर्यंत शाळा पोचली तेच लिहू शकले. ज्यांच्यापर्यंत काहीच पोचले नाही त्यांचे आत्मकथन आपल्या कपाटात नाही. या मर्यादेची काहीशी भरपाई भटक्या-विमुक्तांच्या लेखनाने होते. गुन्हेगार जमातींचा १८७१ पासूनचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) पोलिसांच्या लेखी तो शिक्का पुसलेला नाही. कायद्याचा भूतकाळ आणि अनुभवाचा वर्तमानकाळ यांतील ही तफावत दाखवते, की क्रांती एका समाजाच्या सर्व थरांत एकाच तारखेला पोचत नाही. तरीही भरपाई अपुरी आहे, आणि न लिहिल्या गेलेल्या कथनांची पोकळी गृहीत धरूनच आपले निष्कर्ष काढले पाहिजेत.

७

क्रांती येणार काय, या प्रश्नाला साहित्य उत्तर देऊ शकत नाही. ते तसे देते असे वाटते, तेव्हा ते आपल्या आशेला शब्द देत असते. आणि त्या शब्दांचे मोल कमी नाही. क्रांतीने समाज सुधारतो काय, या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एकशब्दी उत्तर मात्र साहित्याने नाकारले आहे. क्रांती आपलीच लेकरे खाते, हे उदारमतवाद्यांचे आवडते सूत्र आणि क्रांती अटळ आहे, हे मार्क्सवाद्यांचे आवडते सूत्र, ही दोन्ही क्रांतीला एक घटना मानतात. आत्मकथने तिला घटना मानत नाहीत. कोणत्या घरात, कोणाच्या वाट्याला, किती आणि कोणत्या किमतीला, असे ती विचारतात. ‘जिणं आमुचं’मधील शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने उत्तर एक आहे; त्याच घरातील सासुरवाशिणीच्या दृष्टीने दुसरे.

यातून समीक्षेवर एक जबाबदारी येते. पदव्युत्तर वर्गांत ‘दलित साहित्य: वेदना व विद्रोह’ या शीर्षकाखाली ही पुस्तके शिकवली जातात आणि विद्यार्थी परीक्षेत दुःखाचे प्रसंग क्रमवार लिहून मोकळे होतात. मी स्वतःही बरीच वर्षे तसेच शिकवले. त्या अध्यापनात माणसांनी सोसले ते आले. त्यांनी बदलले ते मात्र प्रसंगांच्या मधल्या जागेत हरवले. ‘तुतारी’ आणि ‘आयदान’ एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवून वाचले, तर आज्ञार्थात सुरू झालेले एक वाक्य शंभराहून अधिक वर्षांनी स्वार्थात कसे पोचले, आणि पोचताना त्यातले किती गळाले, हे विद्यार्थ्यांना दिसू शकेल.